रानातला प्राणी दारात आला, तर रेबीजचा धोका किती?

गोव्यात रेबीजचा विषय निघाला की आज एक समाधानाची गोष्ट आधी सांगता येते. राज्याचे पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा खाते आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी २०१४ पासून वाड्यावाड्यांवर फिरून, हातातल्या जाळ्यांनी भटकी कुत्री पकडून त्यांना लस टोचली. पुढे ही मोहीम दरवर्षी सुमारे ९५ हजार कुत्र्यांपर्यंत पोहोचली. आधीच्या तीन वर्षांत राज्यात एकाही माणसाला रेबीज न झाल्याच्या आधारावर जून २०२१ मध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी गोवा रेबीजमुक्त झाल्याचे जाहीर केले. असे जाहीर करणारे गोवा हे देशातले पहिले राज्य ठरले. या कामामागे असंख्य माणसांचे कष्ट आहेत आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

मात्र त्या घोषणेतून लोकांनी काढलेला अर्थ काळजी वाटायला लावणारा आहे. आता इथे रेबीज राहिलाच नाही, तेव्हा मुंगसाने ओरबाडले किंवा माकडाने बोट चावले तर हळद लावून मोकळे व्हावे, असे समजणारी माणसे डिचोलीत, सत्तरीत, फोंड्यात भेटतात. घोषणा माणसांच्या मृत्यूंविषयी होती. विषाणू प्राण्यांमध्ये राहतो, आणि सिंधुदुर्ग, बेळगाव किंवा कारवारच्या बाजूने येणारा कोल्हा राज्याची सीमा पाहून थांबत नाही. शिवाय कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम कितीही चांगली चालली तरी तिच्यातून रानातल्या प्राण्याला लस मिळत नाही. ज्यांच्या घरामागे कुळागर म्हणजे नारळ-सुपारीची बाग आहे, काजूची बागायत आहे किंवा नुसता सडा म्हणजे कातळाचे माळरान आहे, त्यांनी हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

रेबीजचा विषाणू सस्तन प्राण्यांच्या लाळेतून पसरतो. आजारी प्राणी चावला, त्याच्या लाळेने माखलेली नखे लागली, किंवा त्याने उघडी जखम, ओठ, डोळा, नाकाचा आतला भाग चाटला, की विषाणूला शरीरात वाट मिळते. धडधाकट, अखंड कातडीतून तो आत शिरत नाही. आत गेल्यावर तो इतर अनेक विषाणूंसारखा रक्तातून पसरत नाही. चावलेल्या जागेच्या स्नायूत काही काळ राहून तो तिथल्या मज्जातंतूत शिरतो आणि एखाद्या वाटसरूने पायवाट धरून गाव गाठावे तसा तंतू धरून मेंदूकडे सरकत राहतो. म्हणूनच चावा आणि लक्षणे यांच्यात साधारणपणे दोन ते तीन महिन्यांचे अंतर पडते. क्वचित हे अंतर आठवड्याभराचे असते, तर क्वचित वर्षाहूनही अधिक. चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा बोटांच्या टोकांवर असेल, तर धोका अधिक आणि वेळ कमी, कारण चेहरा मेंदूच्या जवळ आहे आणि बोटांत मज्जातंतूंचे जाळे दाट असते.

विषाणू मेंदूत पोहोचला की चावलेल्या जागी मुंग्या येणे, ताप, अस्वस्थता, मग पाणी पाहताच किंवा वाऱ्याची झुळूक लागताच घशाचे स्नायू आखडून येणे, असा क्रम सुरू होतो. काही रुग्णांत हे काहीच न दिसता हातपाय लुळे पडत जातात, आणि अशा वेळी निदान करणेही अवघड जाते. लक्षणे सुरू झाल्यानंतर वाचलेली माणसे जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. पण चावल्यापासून लक्षणांपर्यंतच्या त्या दिवसांत योग्य उपचार मिळाले तर हा आजार जवळजवळ निश्चितपणे टळतो. रेबीजविषयी जे काही करायचे, ते या मधल्या काळातच.

आता प्राण्यांकडे वळू. जगात माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणे कुत्र्यामुळे घडतात, हे जागतिक आरोग्य संघटना सातत्याने सांगत आली आहे. भारतात रानातल्या प्राण्यांत आढळणारा रेबीजही बहुतेक वेळा कुत्र्यांकडूनच त्यांच्यात गेलेला असतो. त्यामुळे रानटी प्राण्यांच्या धोक्याविषयी लिहिताना त्यांच्याबद्दल भय किंवा राग पसरवण्याचा हेतू नाही. ते या आजाराचे आपल्याइतकेच बळी आहेत.

यांत सर्वांत गांभीर्याने घ्यायचा प्राणी म्हणजे कोल्हा. गोव्यात तो दाट जंगलापेक्षा सड्यांवर, शेतांच्या कडेला, खाजनांच्या (खाडीकाठच्या शेतजमिनींच्या) बांधांवर, म्हणजे माणसाच्या शेजारीच अधिक राहतो. उंदीर, खेकडे, गळून पडलेली फळे आणि पंचायतीच्या हद्दीतला उघडा कचरा यांवर त्याचे पोट भरते. कचऱ्याच्या ढिगावर कुत्री आणि कोल्हे रात्री समोरासमोर येतात, भांडतात, एकमेकांना चावतात. कोल्हा हा कुत्र्याच्याच कुळातला असल्यामुळे विषाणूला एकातून दुसऱ्यात जायला मोठी अडचण येत नाही. २०२४ च्या अखेरीस मुंबईत ट्रॉम्बेच्या बाजूच्या खारफुटीजवळ माणसांवर हल्ले झाल्यानंतर तपासलेल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला होता, आणि हे देशातल्या सर्वांत गजबजलेल्या शहरात घडले होते.

निरोगी कोल्हा माणूस दिसताच वाट बदलतो. संध्याकाळी किंवा पहाटे तो शेताच्या बांधावरून जाताना दिसला, एवढ्यावरून तो आजारी आहे असे मानायचे कारण नाही. काळजी करायची ती भर दुपारी अंगणात शिरलेल्या, हाकलले तरी न हलणाऱ्या, तोल जात असलेल्या, तोंडातून लाळ गळत असलेल्या, काठी किंवा दाराची चौकट यांनाच चावू पाहणाऱ्या कोल्ह्याची. पिसाळलेला कोल्हा एकदा चावून पळत नाही. तो अंगावर येतो, खोल चावतो आणि बऱ्याचदा हात, तोंड, मान यांवर चावतो. म्हणून त्याचा चावा भटक्या कुत्र्याच्या साध्या चाव्यापेक्षा अधिक घातक ठरतो.

मुंगसाबद्दल आपल्याकडे आपुलकी आहे. सापाला आवर घालणारा म्हणून परसात त्याचे येणे चांगले मानले जाते, आणि ते तसे चांगलेच आहे. पण मुंगूस रेबीजचा वाहक असू शकतो, ही बाब फारशी कोणाला ठाऊक नसते. ऊस खाणाऱ्या उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी १९व्या शतकात भारतातून कॅरिबियन बेटांवर नेलेल्या मुंगसांच्या वंशजांमध्ये आज तिथे रेबीज ठाण मांडून आहे, आणि प्वेर्तो रिको, क्युबा, ग्रेनाडा या ठिकाणी माणसांना रेबीज देणाऱ्या प्राण्यांत तेच प्रमुख गणले जातात. आपल्याकडे मुंगूस बहुधा दोन प्रसंगी चावतो. एक, कोंबड्यांच्या खुराड्यात अडकला आणि कोणी त्याला हाताने काढायला गेले तेव्हा. दुसरा, कोणी त्याचे पिल्लू पाळण्याचा प्रयत्न केला तेव्हा. त्याचे दात बारीक असल्यामुळे जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, रक्त एखादा थेंबच येते, आणि माणूस ती विसरून कामाला लागतो. जखमेच्या आकारावरून धोका ठरवणे हीच इथली मोठी चूक असते.

माकडांचा उपद्रव बागायतदारांना नवा नाही. पण देवळांच्या आवारात, धबधब्यांच्या वाटेवर पर्यटकांनी खाऊ घालून धीट केलेली माकडे हातातली पिशवी ओढतात आणि त्या झटापटीत चावतात किंवा ओरबाडतात. माकडांत रेबीज विरळा असला तरी तो होऊ शकतो, आणि चावलेले माकड पुन्हा ओळखून त्याच्यावर लक्ष ठेवणे शक्य नसल्यामुळे उपचार टाळता येत नाहीत. कौलारू घराच्या माळ्यावर राहणारे उदमांजर, ज्याला कोणी कांडेचोर म्हणतात, रानमांजर, बिबट्या, या सर्वांना हाच नियम लागू होतो.

वटवाघळांचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि त्यावर भीती व बेफिकिरी दोन्ही दिसतात. अमेरिका खंडात वटवाघळे हा रेबीजचा महत्त्वाचा स्रोत आहे. भारतातल्या वटवाघळांत रेबीजचा विषाणू आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. मात्र त्याच कुळातला एक विषाणू श्रीलंकेत, आपल्याकडेही पिंपळ-वडांवर लटकणाऱ्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांत सापडल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी थेट अंगाला अंग लागलेला संपर्क सर्वाधिक गंभीर गटात धरते. झाडावर वटवाघळांची वस्ती आहे किंवा रात्री ती चिकूवर येतात, याने रेबीज होत नाही, त्यांनी उष्टे केलेल्या फळानेही होत नाही. पण वटवाघूळ हाताला चावले किंवा मूल झोपलेल्या खोलीत सकाळी ते जमिनीवर पडलेले सापडले, तर डॉक्टरांना ते सांगितले पाहिजे, कारण त्याच्या दातांची खूण नुसत्या डोळ्यांना दिसतेच असे नाही. असे वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. वर डबा पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवावा.

उंदीर, घूस, खार, ससा यांच्या चाव्यानंतर रेबीजच्या लसीची गरज क्वचितच पडते, जखम धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घेणे बहुधा पुरते. साप, घोरपड, पाली, बेडूक, कावळे, कोंबड्या यांना रेबीज होतच नाही.

या साऱ्यातून निघणारी एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. कुत्रा चावल्यावर ‘दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा’ असे आपण ऐकत आलो आहोत. आजारी कुत्र्याच्या किंवा मांजराच्या लाळेत विषाणू येऊ लागला की तो प्राणी दहा दिवसांच्या आत स्पष्टपणे आजारी पडतो किंवा मरतो, या निरीक्षणावर तो सल्ला उभा आहे. तिथेही उपचार लगेच सुरू करून मगच लक्ष ठेवायचे असते. रानटी प्राण्यांच्या बाबतीत असे विश्वासार्ह वेळापत्रक उपलब्ध नाही. मुंगूस दुसऱ्या दिवशी परसात पुन्हा हिंडताना दिसला म्हणून तो निरोगी ठरत नाही, आणि तो तोच मुंगूस होता हे कोण सांगणार? म्हणून भारतातल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही रानटी प्राण्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत धरला जातो, मग जखम केवढीही असो. या श्रेणीत लस आणि सीरम, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडे, दोन्ही लागतात.

उपचाराची सुरुवात घरच्या नळाखाली होते आणि तिथेच सर्वाधिक हयगय होते. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी, असे सर्व तज्ज्ञ सांगतात. प्रत्यक्षात माणूस दोन तांबे पाणी ओततो, फडक्याने पुसतो आणि गाडीची किल्ली शोधू लागतो. १५ मिनिटे हा काळ नळाखाली हात धरून उभे राहिल्यावर फार मोठा वाटतो, म्हणून घड्याळ पाहूनच धुवावे. विषाणूच्या भोवती चरबीचे पातळ वेष्टन असते आणि साबण ते वेष्टन फोडतो, म्हणून अंगाचा, कपड्यांचा, भांड्यांचा कोणताही साबण चालतो. नळ नसेल तर विहिरीच्या काठावर एकाने कळशीने सतत धार सोडावी आणि दुसऱ्याने साबण लावत राहावे. दाताने पडलेल्या भोकात पाणी आतपर्यंत जाईल असे पाहावे, पण जखम घासून रक्तबंबाळ करू नये. लाळ डोळ्यात किंवा तोंडात उडाली असेल, तर तिथे साबण न वापरता नुसत्या स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे. त्यानंतर पोविडोन आयोडीन असेल तर लावावे. चुना, मिरची, हळद, कॉफीची पूड, तपकीर, कडू तेल यांपैकी काही लावू नये, कारण त्याने जखम अधिक चिडते. फेणी ओतल्याने साबण-पाण्याचे काम भागत नाही. घट्ट पट्टी बांधू नये. टाके शक्यतो टाळायचे असतात, आणि घालावेच लागले तर सीरम दिल्यानंतर सैल घालायचे, हा निर्णय डॉक्टरांचा.

धुऊन झाल्यावर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. लस आपल्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. सीरमसाठी मात्र म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा इस्पितळ, अथवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागू शकते, म्हणून निघण्यापूर्वी केंद्रात फोन करून विचारणे शहाणपणाचे. लस आणि सीरम या दोन्हींची कामे वेगळी आहेत. लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडे बनवायला शिकवते, पण ती पुरेशी तयार व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. या उघड्या काळात विषाणूला जखमेतच अडवण्यासाठी तयार प्रतिपिंडे द्यावी लागतात, आणि ते काम सीरम करते. म्हणून सीरम मुख्यतः जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. बोटाच्या टोकावर ते टोचून घेणे दुखते, पण त्याला पर्याय नाही. ते पहिल्याच दिवशी मिळायला हवे, आणि काही कारणाने राहून गेले तर लसीच्या पहिल्या मात्रेपासून सातव्या दिवसापर्यंत देता येते. अलीकडे याच कामासाठी प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडेही भारतात उपलब्ध आहेत.

लस कातडीत देण्याची पद्धत असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी दोन्ही दंडांत बारीक मात्रा देतात, स्नायूत देण्याची पद्धत असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. जुन्या पिढीला पोटात टोचलेल्या चौदा इंजेक्शनांची आठवण आहे आणि त्या भीतीने काही वृद्ध आजही इस्पितळात जायचे टाळतात. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली. आजच्या लशी सुरक्षित आहेत, गरोदर बाईला, तान्ह्या मुलाला, म्हाताऱ्या माणसाला त्या देता येतात, आणि त्यांसाठी कोणतेही पथ्य नाही. चावून आठवडे उलटले असतील आणि आता कळले असेल, तरीही जावे. लक्षणे नसतील तोवर उपचाराला उशीर झाला असे होत नाही.

मुलांच्या बाबतीत एक विशेष सांगावेसे वाटते. माकडाला दगड मारला किंवा पिल्लाला हात लावला म्हणून घरी मार बसेल, या धास्तीने मूल ओरखडा लपवते. अशा लपवण्यातून गेलेले जीव देशात कमी नाहीत. ‘काही चावले, ओरबाडले, चाटले तर लगेच सांग, कोणी रागावणार नाही’ हे आईवडिलांनी आधीच बोलून ठेवावे आणि वेळ आली की तो शब्द पाळावा.

गोठा असलेल्या घरांना आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. रात्री कोल्हा किंवा कुत्रा गोठ्यात शिरून गाईला चावला, तर ते कोणाला कळतही नाही. काही आठवड्यांनी गाय खाणे सोडते, वेगळ्याच घोगऱ्या आवाजात सारखी हंबरते, तिच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात आणि तिला गिळता येत नाही. पाहणाऱ्याला वाटते की घशात आंब्याची कोय किंवा फणसाचा तुकडा अडकला असावा, आणि घरातले कोणीतरी मायेने कोपरापर्यंत हात घालून घसा तपासते. लाळेचा इतका थेट संपर्क दुसऱ्या कोणत्या प्रसंगात क्वचितच येत असेल. अशा गाईच्या तोंडात हात न घालता पशुवैद्याला बोलवावे, आणि हात घातला गेला असेल तर साबणाने धुऊन डॉक्टरांना दाखवावे. दूध उकळल्यावर त्यात विषाणू टिकत नाही, पण आजारी गाईचे दूध वापरू नये आणि वासरालाही पाजू नये.

घराभोवतीचा धोका कमी करणारे सर्वांत मोठे काम आपल्या कुत्र्या-मांजराला दरवर्षी लस टोचणे हेच आहे, कारण रानातला विषाणू घरात येतो तो बहुतेक वेळा त्यांच्यामार्फत. तुमच्या कुत्र्याने मुंगूस किंवा कोल्ह्याशी झुंज दिली, तर त्याच्या केसांवर लाळ लागलेली असते. त्याला लगेच कुरवाळू नये, हातमोजे घालून धुवावे, आणि लस झालेली असली तरी पशुवैद्याकडे न्यावे. मासळीचे आणि कोंबडीचे टाकाऊ भाग कुंपणापलीकडे भिरकावण्याची सवय सोडली, की कोल्ह्याला आणि भटक्या कुत्र्यांना तिथे एकत्र येण्याचे कारण उरत नाही. कुत्र्याचे जेवण रात्रभर बाहेर ठेवू नये. माळ्याकडे जाणारी फट बुजवायची असेल तर आत पिल्ले नाहीत याची खात्री करून बुजवावी. माकडांना खायला घालू नये, हे देवळात आलेल्या पाहुण्यांनाही सांगायला संकोचू नये.

आजारी दिसणारा कोल्हा वाड्यावर आला तर मुलांना आणि कुत्र्यांना आत घ्यावे, दार लावावे आणि वन खात्याला कळवावे. काठ्या घेऊन त्याला घेरणे सर्वांत धोक्याचे, कारण अशाच घेराबंदीत चावे होतात. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे प्राणी मारणे गुन्हा आहे. प्राणी मेला तरी त्याला उघड्या हाताने हात लावू नये. त्याच्या मेंदूचा नमुना तपासून रेबीजचे निदान करता येते, म्हणून तो पुरण्यापूर्वी पशुसंवर्धन खात्याला विचारावे. मात्र त्या अहवालाची वाट पाहत जखमी माणसाची लस थांबवू नये.

वन खात्याचे कर्मचारी, पशुवैद्य, साप व प्राणी पकडणारे स्वयंसेवक आणि म्हादई, मोले, नेत्रावळीच्या परिसरात रोज रानात जाणारी माणसे यांनी चावा होण्याआधीच लस घेऊन ठेवावी. अशी लस पूर्ण घेतलेल्या माणसाला पुढे चावा झाला तर जखम धुऊन ० आणि ३ या दोनच दिवशी लसीची मात्रा घ्यावी लागते, सीरम लागत नाही. मात्र त्यासाठी आधीच्या लसीची नोंद डॉक्टरांना दाखवावी लागते, म्हणून ते कार्ड आधार कार्डाइतकेच जपून ठेवावे.